व्हीसीआरची ढिलाई, टीव्हीची शिस्त

माळ्यावरचा व्हीसीआर खाली काढला, धूळ झटकली, प्लग लावला आणि तो चक्क घरघरत सुरू झाला. कॅसेटही निमूट गिळली. आता मागची वायर नव्या टीव्हीला जोडायची आणि बघत बसायचं, एवढंच राहिलं असं वाटतं. तेवढ्यात टीव्ही 'सिग्नल नाही' अशी पाटी झळकावून मोकळा होतो. कधी त्याहून विचित्र प्रकार घडतो: चित्र येतं, दोन सेकंद टिकतं, पडदा निळा होतो, पुन्हा चित्र येतं. मग आधी वायर बदलली जाते, नंतर कन्व्हर्टर, आणि सरतेशेवटी खापर व्हीसीआरवर फुटतं. वायरीचा घोळ असतोच, पण तो अर्ध्या तासात निस्तरतो. मुळात या दोन यंत्रांचं वेळेच्या बाबतीत पटत नाही.

आधी वायरींचं उरकून घेऊ. व्हीसीआरच्या मागे अँटेनाचं सॉकेट असतं. तिथून तो एखाद्या चिमुकल्या प्रक्षेपण केंद्रासारखा आपलं चित्र ठरावीक चॅनेलवर चढवून टीव्हीकडे पाठवतो. युरोपात हा चॅनेल बहुधा ३६ असायचा, अमेरिकेत ३ किंवा ४. नव्या टीव्हीत फक्त डिजिटल प्रक्षेपण पकडायची सोय असेल, तर हा रस्ता बंदच. उघडा असला तरी चित्राची सगळ्यात जास्त नासाडी याच रस्त्यावर होते, त्यामुळे दुसरा पर्याय असेल तर इकडे वळू नये.

दुसरा पर्याय म्हणजे ओळखीच्या तीन पिना. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्यातून डावा आवाज, लालमधून उजवा. जुन्या मोनो व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असतं, तिथे पांढरी लावायची. टीव्हीच्या मागे पिवळं भोक दिसत नसेल तर हिरवं शोधा. बऱ्याच टीव्हींत हिरवं भोक दोन्ही कामं करतं आणि पिवळी पिन त्यातच जाते. मात्र इनपुटच्या यादीत 'एव्ही' निवडायला विसरलात तर चित्र कृष्णधवल दिसतं आणि माणूस उगाच कॅसेटचे रंग उडाले म्हणून हळहळतो. काही टीव्हींना हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं आणि त्याला तीन शेपट्यांची वायर लागते. या वायरींमध्ये कोणत्या कड्यावर चित्र आणि कोणत्या कड्यावर अर्थिंग, यावर कंपन्यांचं एकमत नाही. दिसायला हुबेहूब सारखी वायर लावूनही चित्राऐवजी नुसती गुणगुण ऐकू येते, ती यामुळेच. अशा वेळी व्हीसीआरची पिवळी पिन वायरीच्या लाल शेपटीला जोडून बघा. पुष्कळदा चित्र तिथेच लपलेलं असतं.

यातलं काहीच नसेल तर एचडीएमआय कन्व्हर्टर. तो 'एव्हीतून एचडीएमआय' असा हवा. उलट्या दिशेचा डबा दिसायला तसाच असतो, पण इथे कुचकामी. एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी नुसती वायर मिळते, तिच्या वाटेला जाऊ नका. व्हीसीआरमधून बाहेर पडतो तो कमीजास्त होत राहणारा विजेचा दाब, आणि एचडीएमआयला हवे असतात आकडे. हे रूपांतर तांब्याची तार करू शकत नाही. त्यासाठी चिप लागते आणि चिपला वीज. वीज न मागणारा कन्व्हर्टर दिसला की संशय घ्यावा.

आता मूळ दुखणं.

व्हीएचएस, म्हणजे घरोघरच्या व्हीसीआरची आणि कॅसेटची पद्धत, जेव्हीसी या जपानी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. तिच्यापुढे अडचण होती वेगाची. चित्राचे संकेत सेकंदाला लाखो वेळा बदलतात. ते नोंदवायचे तर फीत हेडवरून, म्हणजे तिच्यावर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या चुंबकी टोकावरून, सेकंदाला काही मीटर या वेगाने सरकायला हवी. साध्या टेपरेकॉर्डरसारखी ती सरळ पळवली असती, तर तीन तासांच्या कार्यक्रमाला पन्नास किलोमीटरहून लांब फीत लागली असती. यावरचा तोडगा मला अजूनही थक्क करतो. फीत सावकाश चालू द्यायची, सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर, आणि गरगर फिरवायचं ते हेडला. ६२ मिलिमीटर व्यासाचं तिरकं पिंप, त्यावर समोरासमोर बसवलेली दोन हेड, आणि पाल पद्धतीत (भारतात आणि युरोपच्या बऱ्याच भागात चालणारी टीव्ही चित्राची पद्धत) मिनिटाला १५०० फेरे. हेड फितीवरून तिरके पट्टे ओढत जातात. एका पट्ट्यात अर्धं चित्र, म्हणजे रेषांआड रेषा. एका फेरीत दोन पट्टे, म्हणजे पूर्ण चित्र. सेकंदाला २५ फेरे, २५ चित्रं. फीत आणि हेड यांच्यातला वेग भरतो सेकंदाला जवळपास पाच मीटर, आणि तीन तासांची फीत अडीचशे मीटरच्या आसपास आटोपते.

पण ही सगळी करामत रबरी चाकं, मोटर आणि प्लॅस्टिकच्या पातळ फितीच्या भरवशावर आहे. फीत किंचित ताणली जाते, पिंप किंचित डगमगतं. पाल पद्धतीत चित्राची प्रत्येक रेषा ६४ मायक्रोसेकंदांत संपायला हवी, पण व्हीसीआरमधून ती कधी जरा लवकर संपते, कधी जरा उशिरा. एका मायक्रोसेकंदाची चूक ऐकायला क्षुल्लक वाटते. मात्र रेषेचा दिसणारा भाग सुमारे ५२ मायक्रोसेकंदांचा असल्यामुळे तेवढ्याने ती चित्राच्या रुंदीच्या जवळपास दोन टक्के बाजूला सरकते. उभा दरवाजा वाकडातिकडा दिसायला तेवढं पुरे.

जुन्या काचेच्या टीव्हीला याचं फारसं काही वाटत नसे. रेषा संपल्याची खूण आली की इलेक्ट्रॉनचा झोत पडद्याच्या डाव्या कडेला परतायचा. खूण जरा उशिरा आली तर झोतही जरा उशिरा. काही टीव्हींत तर व्हीसीआरसाठी एक चॅनेल राखून ठेवलेला असे आणि त्यावर टीव्हीचं मंडल (सर्किट) मुद्दाम चपळ केलेलं असे, म्हणजे येणाऱ्या रेषांच्या मागे ते झटपट वळेल. टीव्ही व्हीसीआरला सांभाळून घ्यायचा, असं म्हणायला हरकत नाही.

डिजिटल टीव्ही असा कुणाच्या मागे वळत नाही. तो येणाऱ्या संकेताचे ठरावीक अंतराने नमुने घेतो आणि त्यांचे आकडे करून स्मृतीत मांडतो. १९८२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने, म्हणजे पाल चित्राच्या एका रेषेत बरोबर ८६४. व्हीसीआरची रेषा आखडली किंवा लांबली की हा हिशेब चुकतो. थोडा चुकला तर कडा थरथरतात. फार चुकला तर टीव्ही हा संकेत नव्हेच असं ठरवून निळा पडदा लावतो. म्हणून एक सोपी परीक्षा: साध्या गतीने चित्र नीट दिसतं, पण कॅसेट चित्रासह पुढे पळवली किंवा पॉज केली की पडदा निळा होतो, असं असेल तर वायरींना हात लावू नका. फितीचा वेग बदलला की तिच्यावरून जाणारी हेडची तिरकी वाटही बदलते, आणि रेषांच्या वेळा आणखी बिघडतात. टीव्ही तेवढंही खपवून घेत नाही.

यावर उपाय टाकीचा. नळाला पाणी थांबतथांबत आलं तरी भरलेल्या टाकीतून धार एकसारखी पडते. येणाऱ्या रेषा आधी स्मृतीत साठवायच्या आणि मग अचूक घड्याळाच्या तालावर सोडायच्या, हे काम करणाऱ्या यंत्राला टाइम बेस करेक्टर म्हणतात. उशिराच्या काही उंची व्हीसीआरमध्ये तो आतच असायचा. सुटा घ्यायचा तर महाग पडतो. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये ही सोय जुजबी असते. घरगुती जुगाड म्हणून एखादा जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये बसवून बघावा: व्हीसीआर त्याच्या इनपुटला, त्याचं एचडीएमआय टीव्हीला. रेकॉर्ड काहीच करायचं नाही, चित्र नुसतं आरपार जाऊ द्यायचं. असे बरेच रेकॉर्डर वाटेत रेषा सरळ करून देतात.

विकतच्या सिनेमाच्या कॅसेटवर मात्र हा जुगाड रुसतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अशा पुष्कळ कॅसेटमध्ये दोन चित्रांमधल्या न दिसणाऱ्या रेषांत मुद्दाम खोटे झटके पेरलेले असत. दुसऱ्या व्हीसीआरवर नक्कल करायला जावं, तर संकेताची पातळी आपोआप राखणारं त्याचं मंडल या झटक्यांनी फसायचं आणि नकलेतलं चित्र उजळत-विझत राहायचं. काचेच्या टीव्हीला ते जाणवत नसे. डीव्हीडी रेकॉर्डर ते झटके ओळखतो आणि काम थांबवतो. घरी चित्रित केलेल्या कॅसेटला ही अडचण नाही.

एवढं सगळं जमून चित्र स्थिर झालं तरी चेहरे बसके आणि रुंद दिसतील. कारण चित्र ४:३ आकाराचं आणि पडदा १६:९, तेव्हा रिमोटवरून आकार ४:३ करा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. टीव्हीतली 'शार्पनेस' वाढवायचा मोह टाळा. व्हीएचएसच्या एका रेषेत साधारण २४० बारकावे मावतात, रंगांचे तर त्याहून कितीतरी कमी, म्हणून लाल साडीचा लाल रंग काठाबाहेर सांडलेला दिसतो. टीव्ही तेवढ्या ऐवजावर लाखो बिंदू भरून काढत असतो. शार्पनेस वाढवली की तपशील येत नाही, फितीवरचा रवा तेवढा टोकदार होतो.

आणि चित्राच्या अगदी तळाशी फाटल्यासारखी वळवळणारी एक बारीक पट्टी दिसली, तर कॅसेट खराब झाली म्हणून घाबरू नका. पहिलं हेड फितीवरून उतरून दुसरं चढतं, तो सांधा आहे तो. प्रत्येक कॅसेटमध्ये, प्रत्येक चित्रात तो पहिल्या दिवसापासून होता. काचेचे टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड कापून टाकायचे, म्हणून इतकी वर्षं तो कुणाच्या नजरेला पडला नव्हता.