‘पुरेसे’ म्हणजे किती? कॅनडाच्या दोन भाषांचा हिशेब

१८६७च्या घटनेने कॅनडाच्या संसदेत आणि केंद्रीय न्यायालयांत इंग्रजीबरोबर फ्रेंचही चालेल, एवढी सोय केली होती. पुढची शंभर वर्षे कारभार मुख्यतः इंग्रजीतच चालला. टपाल तिकिटांवर दोन्ही भाषा आल्या १९२७मध्ये. मध्यवर्ती बँकेने १९३५ साली नोटा काढल्या त्याही इंग्रजी वेगळ्या, फ्रेंच वेगळ्या; दोन वर्षांनी त्या एकत्र झाल्या.

फ्रेंच भाषकांची बहुसंख्या असलेल्या क्वेबेक प्रांतातली अस्वस्थता वाढल्यावर १९६३मध्ये द्विभाषिकतेच्या प्रश्नावर शाही आयोग बसला आणि १९६९मध्ये राजभाषा कायदा झाला. प्रत्येकाला फ्रेंच शिकावी लागणार, अशी भीती तेव्हा पश्चिमेकडच्या प्रांतांत पसरली होती. कायद्याचा रोख मात्र उलटा होता: दोन भाषा सरकारने सांभाळायच्या, म्हणजे नागरिकाला एकीवर भागवता येईल.

घोडे अडले ते ‘कुठे’ या प्रश्नावर. आयोगाने फिनलंडकडे बघून ‘द्विभाषिक जिल्हे’ सुचवले होते. जिथे अल्पसंख्य भाषेचे (क्वेबेकमध्ये इंग्रजी, इतरत्र फ्रेंच) लोक १० टक्के, तिथे केंद्राची सेवा दोन्ही भाषांत. कागदावर सोपे होते. मग सल्लागार मंडळ बसले, त्याच्या शिफारशी बाजूला पडल्या, दुसरे मंडळ बसले, पुन्हा नकाशे निघाले. क्वेबेकमधल्या इंग्रजी भाषकांसाठी, विशेषतः मॉन्ट्रियलमध्ये, असे जिल्हे आखायचे का, यावर वाद पेटला. अखेर एकही जिल्हा जाहीर झाला नाही. इतकी वर्षे सीमारेषा आखण्यात घालवून एकही पाटी न लागणे, याला धोरण म्हणावे की टाळाटाळ?

जिल्हा गेला, पण डोकी मोजणे राहिले. १९८२च्या हक्कसनदेने अल्पसंख्य भाषेतल्या शिक्षणाचा हक्क दिला, तोही ‘संख्या पुरेशी असेल तिथे’. पुरेशी म्हणजे किती, ते लिहिले नाही. अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनच्या फ्रेंच भाषक पालकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये सांगितले की आज मागणी करणारे किती आणि हक्क असलेले एकूण किती, या दोहोंच्या मधला आकडा धरा. म्हणणे रास्तच होते. शाळाच नसेल तर तिच्या दारात रांग कुठून लागणार?

सरकारी कार्यालयांसाठी १९८८च्या नव्या कायद्याने ‘लक्षणीय मागणी’ हा शब्द आणला आणि १९९१च्या नियमांनी त्याला आकडे चिकटवले. मोठ्या महानगरात अल्पसंख्य भाषेचे किमान ५,००० लोक हवेत. लहान गावात ५०० आणि शिवाय ५ टक्के. आता हे ५०० मोजायचे कसे? दोहोंपैकी कोणती राजभाषा येते, मातृभाषा कोणती, घरात कोणती, या जनगणनेतल्या उत्तरांवरून ‘प्रथम बोलली जाणारी राजभाषा’ काढत. समजा, बाई अल्जीरियाहून आलेली, शिक्षण फ्रेंचमध्ये, घरात अरबी, इंग्रजीही येते. अशी व्यक्ती हिशेबात अर्धी इंग्रजीकडे, अर्धी फ्रेंचकडे टाकली जाई. फ्रेंच शाळेच्या फाटकाशी मुलाला घ्यायला उभी असलेली आई सरकारदरबारी अर्धीच! २०१९मध्ये नियम बदलले. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेला वजन आले आणि परिसरात अल्पसंख्य भाषेची शाळा आहे का, हाही निकष झाला. हे तीस वर्षे आधी सुचायला हवे होते.

२०२३च्या दुरुस्तीने त्यापुढचे पाऊल टाकले. फ्रेंच उत्तर अमेरिकेत अल्पसंख्य आहे, म्हणजे दोन राजभाषा समान असल्या तरी सारख्या स्थितीत नाहीत, हे कायद्यात आले. क्वेबेकबाहेरच्या फ्रेंच भाषकांचे प्रमाण १९७१मध्ये ६.१ टक्के होते. तिथवर परत पोचण्याचे ध्येयही ठरले. जन्मदरावर ते साधणार नाही, म्हणून स्थलांतराचा मार्ग. २०२४साठी क्वेबेकबाहेर येणाऱ्या नव्या रहिवाशांत ६ टक्के फ्रेंच भाषक हवेत, असे लक्ष्य होते. कायम रहिवासासाठी (पीआर) अर्जदारांची निवड गुणांवर होते; त्यात फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या निवडफेऱ्या २०२३पासूनच सुरू झाल्या आहेत, आणि त्यांत गुणांची अट बहुधा बरीच खाली येते. कॅनडाच्या पीआरसाठी गुण जुळवत बसलेला पुण्यातला इंजिनिअर फ्रेंचच्या क्लासला नाव घालतो, ते यामुळे.