एकशे सत्तेचाळीस नंबरची सीडी

शनिवार पेठेत माझ्या मामाचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका. काउंटरमागच्या फळीवर बुटांच्या खोक्यांत सीडी उभ्या लावलेल्या, प्रत्येकीवर मार्करने नंबर. २००३ च्या मे महिन्यात मामाने पहिलं खोकं माझ्यापुढे सरकवलं. "अरे, सुट्टी आहे ना? या सगळ्या एकदा मशीनमध्ये घालून काढ. काय कुठे आहे ते मला कळलं पाहिजे." दोनशेच्या वर सीडी होत्या.

काम डोक्याचं नव्हतं, हमालीचं होतं. सीडी आत ढकलायची, कॅटलॉगच्या प्रोग्रॅमला वाचायला सांगायचं, तो थोडा वेळ घरघर करणार, मग ही बाहेर आणि पुढची आत. असा प्रोग्रॅम मुळात फायली उघडून बघत नाही. नाव, फोल्डर, आकार, तारीख एवढंच टिपतो आणि आपल्या एका फाइलीत ठेवतो. ७०० एमबीच्या सीडीची यादी त्यामुळे काही केबींतच मावते. पुढे कधी 'जोशी पत्रिका' शोधायची वेळ आली की सीडी खोक्यातून हलत नाही, तरी उत्तर मिळतं: ८२ नंबर, अमुक फोल्डर.

ऐवज एकीकडे आणि त्याची यादी दुसरीकडे, ही युक्ती पुण्याला नवी नाही. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल सोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, आणि एकेक सोडत बसलं तर जन्म पुरायचा नाही. इतिहासकार गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. मोडी वाचणं अवघड खरंच, पण त्याआधी कुठल्या रुमालात हात घालायचा हे ठरवावं लागतं. रुमालावरचा क्रमांक चुकला की कागद असून नसल्यासारखा. डिस्कचंही तसंच. म्हणून कॅटलॉगच्या सॉफ्टवेअरचा इतिहास मला फायली शोधण्याचा वाटत नाही. हातात आलेली डिस्क नेमकी कोणती, हे ओळखण्याचा वाटतो.

आयबीएमची आठ इंची फ्लॉपी आली १९७१ साली, शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची १९७६ साली. ॲपल टू या घरगुती संगणकाला १९७८ मध्ये फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला. त्याच्यावर फायलींची यादी मागवायचा हुकूमच 'कॅटलॉग' असा होता. यादीच्या डोक्यावर डिस्कचा नंबर उमटायचा, १ ते २५४ मधला. म्हणजे ओळखीची सोय पहिल्यापासून होती. पण फॉरमॅट करताना तुम्ही नंबर सांगितला नाहीत तर मशीन आपणहून २५४ देऊन टाकायचं, आणि तेवढे कष्ट घेतो कोण? जी डिस्क घालावी ती २५४ नंबरची.

सीपी/एम या तेव्हाच्या दुसऱ्या लोकप्रिय ऑपरेटिंग सिस्टिमवर तर तेवढंही नव्हतं. डिस्कला नाव द्यायला जागाच नव्हती. यातून मार्ग काढला वॉर्ड क्रिस्टेन्सनने. शिकागोचा हा माणूस. फोनवरून फायली पाठवायचा एक्समोडेम त्याने १९७७ मध्ये लिहिला आणि पुढच्याच वर्षी रँडी स्यूसच्या जोडीने फोनवरून जोडायचा पहिला संगणकी सूचनाफलक (बीबीएस) सुरू केला. त्या मानाने त्याच्या कॅटलॉगच्या प्रोग्रॅमांचं नाव कुणी काढत नाही. त्यातला एक फ्लॉपीवरच्या फायलींची नावं गोळा करायचा, दुसरा ती मुख्य यादीत मिसळायचा, तिसरा त्या यादीतून हवं ते काढून दाखवायचा. आणि डिस्कच्या नावाचं काय? प्रत्येक फ्लॉपीवर एक रिकामी फाइल ठेवायची. तिचं नाव आडव्या रेघेने सुरू होणार, शेवटी नंबर असणार. आत एक अक्षर नाही. त्या फाइलीचं नाव तेच डिस्कचं नाव. इतका साधा तोडगा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पीसीवरच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमने १९८३ मध्ये, आपल्या दुसऱ्या आवृत्तीत, डिस्कला नाव दिलं. अकरा अक्षरांचं. ते देणं सक्तीचं नव्हतं, त्यामुळे 'ए ड्राइव्हमधल्या डिस्कला नाव नाही' अशा अर्थाची ओळ त्या काळी संगणक शिकलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. अखेर १९८८ च्या चौथ्या आवृत्तीत माणसावरचा भरवसा सोडला गेला. फॉरमॅट करतानाच्या तारीख-वेळेवरून संगणक स्वतःच एक अनुक्रमांक डिस्कवर लिहू लागला. कॅटलॉगच्या प्रोग्रॅमांचं मोठं काम झालं, कारण फ्लॉपी पुन्हा आत आली की ही आपली जुनीच आहे हे त्यांना न विचारता कळू लागलं.

तोवर दुसरी पंचाईत उभी होती. फाइलीच्या नावाला आठ अक्षरं आणि वर तीन अक्षरांचं शेपूट. एवढ्यात सांगून सांगणार काय? म्हणून वर्णनं वेगळी लिहायची पद्धत पडली. डॉसच्या हुकमांना जास्तीच्या सोयी देणाऱ्या १९८९ च्या फोर-डॉस या प्रोग्रॅममध्ये फोल्डरागणिक एक वर्णनाची फाइल असे. सूचनाफलकांवरून फिरणाऱ्या झिप फायलींत एक छोटी ओळखचिठ्ठी घातलेली असायची, ४५ अक्षरांच्या दहा ओळींत बसणारी. चांगले कॅटलॉग झिप न सोडता ती चिठ्ठी उचलून यादीत टाकायचे. मामाच्या जुन्या फ्लॉप्यांना मात्र याचा उपयोग शून्य. १.४४ एमबीत अख्खा दिवाळी अंक मावत नाही, म्हणून तो एआरजे या फायली आवळणाऱ्या प्रोग्रॅमने तुकडे करून पाच-सहा फ्लॉप्यांवर चढवलेला. यादीत दिसायचं काय, तर एकाच नावापुढे ए०१, ए०२, ए०३. त्यातल्या एका फ्लॉपीला पावसाळ्यात बुरशी धरली की बाकीच्या पाच टेबल पुसायच्या कामाच्या.

सीडीच्या फायली कशा मांडायच्या याचं आंतरराष्ट्रीय मानक १९८८ चं. पण पेठांतल्या दुकानांत सीडी रायटर दिसू लागले ते नव्वदचं दशक सरता सरता. कोऱ्या सीडी तपकीर गल्लीतून गठ्ठ्याने येऊ लागल्या आणि 'पुसू नकोस, सीडीवर घे' हे दुकानातलं ब्रीद झालं. कॅटलॉग सॉफ्टवेअरची खरी चलती तेव्हाची. व्हेअरइजइट, ॲडव्हान्स्ड डिस्क कॅटलॉग, एवढ्याशा फाइलीत मावणारा कॅथी, आणि मॅकवर सीडीफाइंडर. यातल्या शेवटच्याने पुढे नाव बदलून नियोफाइंडर केलं. सीडीचंच युग संपल्यावर करणार काय!

मराठी माणसाची एक अडचण मात्र यातल्या कुणाच्या ध्यानीमनी असायचं कारण नव्हतं. डीटीपीची सगळी कामं श्रीलिपीसारख्या देवनागरी फाँटांत चालत, आणि तेव्हा ते युनिकोडवर, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या मानकावर, चालत नव्हते. पडद्यावर 'श्री गणेशाय नमः' दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. तेव्हा मजकुरात शब्द शोधणं बादच. उरलं फाइलीचं नाव, आणि ते रोमन लिपीत, ज्याच्या हाताला जसं येईल तसं. 'लग्न' कुणी शेवटी 'ए' लावून लिहिणार, कुणी न लावता. 'पत्रिका' कुठे एका 'ए'ची, कुठे दोन. आडनावांचं तर बोलूच नका. मी दोन दिवस चुकत राहिलो, मग शब्दाची पहिली तीन-चार अक्षरं टाकून पुढे तारकाचिन्ह, म्हणजे 'यापुढे काहीही चालेल', द्यायला शिकलो. व्हेअरइजइटच्या मदतपुस्तिकेत हे दुखणं सापडणं शक्यच नव्हतं.

आता १४७ ची गोष्ट. सप्टेंबरात एका दिवाळी अंकाचे संपादक दुकानात येऊन बसले. मागच्या वर्षीची जाहिरातींची पानं त्यांना हवी होती. यादी म्हणाली १४७. खोक्यात १४७ सापडली, मशीनमध्ये घातली, पानं नाहीत. मामा माझ्याकडे बघतोय, संपादक मामाकडे. शोधता शोधता कळलं की १४७ दोन आहेत. सीडीवर ओरखडा दिसला म्हणून दुकानातल्या मुलाने कधीतरी तिची कॉपी काढून तिच्यावरही इमानदारीत १४७ घातलं होतं. जुनी फेकली नव्हती. पुढे त्या जुनीतच दुसऱ्या सेशनमध्ये, म्हणजे उरलेल्या जागेत नंतर लिहून, नवी पानं चढवली गेली. मी मे महिन्यात वाचून घेतलेली ती जुनी होती, आणि ती पडली होती ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांखाली. मामाने मार्कर उचलला आणि कॉपीवर '१४७ अ' लिहिलं, पेठेतल्या घर नंबरासारखं. यादीत मात्र 'अ' कधीच चढला नाही.

आज मामेभाऊ लग्नांचे फोटो काढतो. एकेका लग्नाच्या फायली मामाच्या त्या सगळ्या सीडींत मावणार नाहीत. कपाटात चार-चार टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्क आहेत, त्यांच्यावर पांढऱ्या चिकटपट्ट्या. यादीसाठी तो व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू वापरतो. ते फुकट आहे, आणि विंडोजवर चालतं तसं मॅकवरही. एव्हरीथिंग नावाचा झटपट शोधणारा प्रोग्रॅमही काढून ठेवलेल्या डिस्कची यादी जपू शकतो, पण तो फक्त विंडोजवर, आणि भावाचं एडिटिंग मॅकवर. डिस्क कुठल्याही संगणकाला लावली तरी नंबर दिसावा म्हणून त्याने प्रत्येकीवर एक रिकामी फाइल ठेवली आहे, नाव 'डिस्क' आणि पुढे नंबर. क्रिस्टेन्सनचं नाव त्याने ऐकलेलं नाही.

गेल्या दिवाळीत ११ नंबरची डिस्क आवाज करू लागली म्हणून त्याने ती सगळीच्या सगळी नव्या डिस्कवर उतरवली. रिकामी फाइलही बरोबर गेली. परवा त्याचा फोन आला: "दादा, माझ्याकडे दोन अकरा झाल्यात. यादी कुठलीची आहे?"

मी विचारलं, जुनी कुठे आहे? ती ड्रॉवरमध्ये होती.