मावशी, नारळ आणि दोन बाण

आमच्या घरच्या ग्रुपवर दिवस उजाडतो तो मावशीच्या मेसेजने. आधी गुलाबाचं फूल, पाठोपाठ एखादा घरगुती उपाय. त्यातलाच एक: कपात नारळाचे पातळ काप घालून वर गरम पाणी ओता, ते प्या, कर्करोगाच्या पेशी मरतात. खाली नाव होतं डॉ. राजेंद्र बडवे, टाटा मेमोरियल हॉस्पिटल.

२०१९मध्ये टाटा मेमोरियलला जाहीर खुलासा करावा लागला की हा मेसेज खोटा आहे. तो खुलासा मी ग्रुपवर टाकला. मावशीचं उत्तर आलं, "असू दे रे. नारळच तर आहे, विष थोडंच आहे?"

मेसेज रचणाऱ्याने डॉक्टरांचं नाव चोरलं, हे उघड आहे. पण त्याला आणखी एक नाव मिळालं, तेही फुकटात: मावशीचं.

१९४०च्या अध्यक्षीय निवडणुकीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मतदारांचा अभ्यास केला. रेडिओ आणि वर्तमानपत्रं माणसांची मतं फिरवतात, असा समज होता. प्रत्यक्षात त्यांचा थेट परिणाम थोडाच दिसला. लोक जास्त ऐकत होते ते 'याला यातलं कळतं' अशा ओळखीतल्या माणसाचं. पारावर बसणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र पारावरचा माणूस ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायचा आणि सांगता सांगता थोडी तरी पाखडायचा. फॉरवर्डमध्ये ते पाखडणंच उरलं नाही. मजकूर कुणाचा तरी, भरवसा मावशीवरचा.

त्यात नारळाचा तो मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवरही आला, शाळेच्या ग्रुपवरही. तीन साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं, असतो तो एकच कागद तीनदा झेरॉक्स केलेला. १९७७मध्ये मानसशास्त्रज्ञ लिन हॅशर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा विधानांच्या याद्या दिल्या. काही विधानं दरवेळी तीच होती, त्यातली काही खोटी. पुन्हा पुन्हा भेटलेली विधानं मुलांना अधिकाधिक खरी वाटत गेली. ओळखीचं वाक्य मेंदूला सोपं जातं, आणि त्या सोपेपणालाच तो खरेपणा समजून बसतो.

व्हॉट्सॲपने २०१८मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. पुढे फार फिरलेल्या मेसेजवर दोन बाण आले, आणि एप्रिल २०२०पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येऊ लागला. त्यानंतर असे फॉरवर्ड ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. यात खऱ्याखोट्याची तपासणी कुठेच नव्हती. अंगठ्याला थोडे कष्ट पडले, इतकंच.

आता मावशी रील्सकडे वळली आहे. टीव्हीवरचा निवेदक कॅमेऱ्यात बघून बोलतो आणि प्रेक्षकाला ती एकतर्फी ओळख दुतर्फी वाटू लागते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६मध्येच लिहून ठेवलं. तेव्हा तो पेटीतला माणूस खोलीच्या पलीकडच्या टोकाला असायचा. आता तो वीतभर अंतरावर, रोज, चहा पिता पिता बोलतो. पैसे घेऊन केलेल्या रीलवर तसं ठळक लिहावं, असा भारतीय जाहिरात मानक परिषदेचा २०२१पासूनचा दंडक आहे.

परवा मावशीने केसांचं तेल मागवलं. "ती सांगलीची मुलगी सांगते ना, तेच. ती कशाला खोटं बोलेल?" मी रील पाहिली. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'जाहिरात' असं होतं. मावशीचा चष्मा फ्रिजवर होता.