बौद्धिक संपदा व्यवहार : बेळगाव सीमाभाग

व्यापारी छाप (ट्रेडमार्क), पेटंट, आकृतिबंध (डिझाइन), ग्रंथहक्क (कॉपीराइट), धंद्यातील गुप्त कृती अशा अमूर्त मालमत्तेची विक्री, वाटणी, भाडेपट्टा व तारण आणि त्यासाठी केले जाणारे मूल्यांकन. प्रस्तुत नोंद बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी) जिल्ह्यातील मराठीभाषक पट्ट्यापुरती, म्हणजे मुख्यतः बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबाग व अथणी या तालुक्यांपुरती आहे. बोलण्यात या साऱ्याला ‘नाव’ एवढा एकच शब्द पुरतो : नाव विकले, नाव चालवायला दिले, नाव धाकट्याकडे गेले.

हा व्यवहार कधीपासूनचा धरावा, हे बरेचसे व्याख्येवर अवलंबून आहे. भारतात व्यापारी छापांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा १९४० चा. त्याआधी छापाची मालकी सांगणारे जाहीर निवेदन १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दस्त म्हणून नोंदवण्याची पद्धत होती. निपाणीच्या तंबाखू व विडी व्यापारात लेबलाला असलेले महत्त्व पाहता आरंभ १९४० च्या मागे नेणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र तेव्हाचा हा भाग एका कायद्याखाली नव्हता. बेळगाव शहर इंग्रजी अमलात, त्याला खेटून असलेले शहापूर सांगली संस्थानात, तर रायबाग कोल्हापूर संस्थानात. इंग्रजी मुलखातला कायदा संस्थानी हद्दीत आपोआप लागू होत नसे. त्यामुळे दोन पेठांत एकाच नावाचे दोन धनी असणे अशक्य नव्हते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. छापांचा कायदा देशभर एकच राहिला, दप्तर मात्र वेगळे झाले. निपाणीच्या पेढीचा अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाच्या अखत्यारीत येतो, तर तिथून वीसेक किलोमीटरवरच्या कागलच्या पेढीचा मुंबईच्या. हस्तांतराच्या दस्ताचे मुद्रांक शुल्कही इकडे कर्नाटकाच्या १९५७ च्या आणि तिकडे महाराष्ट्राच्या १९५८ च्या अधिनियमाप्रमाणे ठरते.

या पट्ट्यातले सर्वांत मोलाचे नाव ‘कोल्हापुरी चप्पल’ हेच. आणि नेमके तेच विकता येत नाही. २०१८–१९ च्या सुमारास त्याला भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे मालाचे नाव ठरावीक प्रदेशाशी बांधणारी नोंद) मिळाला तो आठ जिल्ह्यांसाठी : महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर. नोंदणीकृत धनी म्हणून दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे (लिडकॉम व लिडकर) संयुक्तपणे आहेत.

चपलेचा उगम वादग्रस्त आहे. कन्नड बाजूची परंपरा तो बाराव्या शतकातील बसवेश्वरकालीन शरणांशी (बसवेश्वरांच्या अनुयायांशी), विशेषतः चर्मकार हरळय्याशी जोडते. ही कथा भक्तीची म्हणून मोलाची असली, तरी पायताणाच्या घडणीबद्दल ती काही सांगत नाही. कोल्हापूरच्या बाजूला शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) दिलेल्या उत्तेजनाचा दाखला देतात. तो प्रसाराला लागू पडतो, उगमाला नव्हे. ‘कापशी’सारखी गावावरून पडलेली नावे पाहता, आधी गावोगावचे घाट होते आणि ‘कोल्हापुरी’ हे विक्रीच्या पेठेचे नाव मागाहून सगळ्यांवर बसले, असे मानण्याकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे. बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेले कातडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, अंगठा, कान आणि पट्ट्यावरची बायकांनी विणलेली वेणी ही घडण मात्र अथणीत आणि कोल्हापुरात सारखीच. अथणीच्या कारागिरांची तक्रार घडणीची नाही, नावाची आहे : चप्पल आमची, गाव दुसऱ्याचे.

भौगोलिक निर्देशांकाचा कायदा १९९९ चा, अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून. त्याच्या कलम २४ नुसार नोंदणीकृत निर्देशांकावरील हक्क विकता येत नाही, परवान्याने देता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. अधिकृत वापरकर्ता मरण पावल्यास त्याचा हक्क वारसाकडे जातो, एवढाच अपवाद. इनाम जमिनीसारखाच हा प्रकार : कसता येते, विकता येत नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखे सँडल श्रेय न देता दाखवले, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना संताप झाला. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात केलेली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनी व दोन्ही महामंडळे यांच्यात करार जाहीर झाला. जाहीर झालेल्या स्वरूपात तो नावाच्या खरेदीचा नसून, सुमारे २,००० जोड या दोन राज्यांत करवून घेण्याचा आहे. त्याला भाव म्हणावा की मजुरी, हे ज्याने त्याने ठरवावे. अथणीतील महिला कारागिरांनी उभी केलेली ‘टो-होल्ड’ ही छाप याहून निराळी, कारण ती साधी व्यापारी छाप आहे आणि कायद्याने हस्तांतरणीय आहे.

व्यापारी छाप दुकानाच्या नावलौकिकासह (गुडविलसह) किंवा त्याविना विकता येते. नावलौकिकाविना घेतल्यास खरेदीदाराने सहा महिन्यांत निबंधकाकडे अर्ज करून जाहिरात द्यावी लागते. सीमाभागात अधिक अडते ते व्यापारी छापांच्या कायद्याचे कलम ४१. एका छापाचा अनन्य हक्क देशाच्या एका भागात एकाकडे आणि दुसऱ्या भागात दुसऱ्याकडे जाईल, असे हस्तांतर त्याने रोखले आहे. निबंधकाने सार्वजनिक हिताला बाधा नाही असे ठरवून मान्यता दिली तर गोष्ट वेगळी. याउलट घरगुती वाटणीपत्रात ‘नाव कर्नाटकात थोरल्याने, महाराष्ट्रात धाकट्याने वापरावे’ असे एक वाक्य सहज घातले जाते. जमिनीची वाटणी बांध घालून होते, तशीच नावाचीही होईल असा त्यामागे समज असतो. पुढे दोन्ही दुकानांवर त्याच आजोबांची तसबीर झळकते आणि पाटीखाली लिहिलेले असते : ‘आमची कोठेही शाखा नाही’.

कुंदा वा करदंट या मिठाया करणाऱ्या दुकानांत विकले जाते ते नाव आणि हात. कृतीचे रक्षण करणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. करार अधिनियमाचे कलम २७ धंद्यावर बंधन घालणारे करार रद्द ठरवते. परंतु नावलौकिक विकणाऱ्याने ठरावीक हद्दीत तसाच धंदा करू नये, अशी अट चालते. खरेदीखतातली सर्वांत किमती ओळ बहुधा हीच असते.

मूल्यांकनाच्या तीन रीती रूढ आहेत : खर्चावरून, बाजारभावावरून आणि उत्पन्नावरून. या भागात तुलनेला सौदे सापडत नाहीत, म्हणून बाजारभावाची रीत लंगडी पडते. उत्पन्नाच्या रीतीत, नाव स्वतःचे नसते तर किती रॉयल्टी द्यावी लागली असती, हे पाहतात. समजा, मिठाईच्या दुकानाची वार्षिक विक्री ८० लाख रुपये आणि रॉयल्टी २ टक्के धरली, तर १.६० लाख, २५ टक्के कर वजा जाता १.२० लाख. हे उत्पन्न कायम चालेल असे मानून त्याला १५ टक्के परताव्याच्या दराने भागले तर नावाची किंमत ८ लाख येते, १० टक्क्यांनी भागले तर १२ लाख. दुकान तेच, कढई तीच. भाऊबंदकीच्या दाव्यात दोन मूल्यांकक समोरासमोर येतात ते या पाच टक्क्यांवर.

स्वतः कमावलेले नाव ताळेबंदात दाखवता येत नाही. बंगळूरच्या एका अगरबत्ती पेढीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये असे ठरवले की, अशा नावलौकिकाला मूळ किंमतच नसल्याने त्याच्या विक्रीवर भांडवली नफा काढता येत नाही. पुढे कायदा बदलून मूळ किंमत शून्य धरली जाऊ लागली, त्यामुळे आता विक्रीची सगळी रक्कमच नफा ठरते. बँकांना थकीत कर्जाची तारणे ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्यात तारणमत्तेत छाप, पेटंट व तांत्रिक ज्ञान यांचा समावेश आहे. पण एप्रिल २०१६ मध्ये बँकांनी किंगफिशर विमान कंपनीच्या छापा सुमारे ३६७ कोटींच्या राखीव किमतीला लिलावात काढल्या, तेव्हा एकही बोली आली नाही.

छाप वेगळ्या कंपनीकडे ठेवून समूहातील कंपन्यांना वापरायला देण्याची पद्धत किर्लोस्कर समूहात दिसते. त्यावरून कोर्टबाजीही झाली. या नावाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावातील सायकलच्या दुकानात झाली.

ग्रंथहक्काच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. पेटंटचे हस्तांतर लेखीच लागते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रींत ओतकामाचा पॅटर्न (ज्यावरून साचा पाडतात तो नमुना) बहुधा गिऱ्हाइकाच्या पैशाने होतो आणि त्याच्याच मालकीचा राहतो. फाउंड्रीच्या मांडणीवर तो वर्षानुवर्षे पडून असतो, अंगावर रंगाने गिऱ्हाइकाचे नाव लिहिलेला.