चोकअपचं मूळ

पहिल्या मजल्यावर वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की तळमजल्यावरच्या आमच्या न्हाणीत जाळीखालून गुडगुड ऐकू यायची. मग दोन-तीन बुडबुडे आणि मागोमाग काळपट पाणी. दर पावसाळ्यात हे ठरलेलं. चोकअप काढणारा माणूस यायचा, चेंबरचं झाकण उचलून बांबूच्या कामट्या सारायचा, पाणी खळाळत निघून जायचं. महिना-दीड महिन्यानं पुन्हा गुडगुड.

खरं तर त्या आवाजातच निम्मं निदान असतं. वरून येणारं पाणी पाइपातली हवा पुढे ढकलतं. पुढची वाट बंद असेल तर हवा जवळचं आणि सगळ्यात खालचं तोंड शोधते, म्हणजे तळमजल्याची न्हाणी. एकटं बेसिन तुंबलं तर दोष बहुधा त्याच्याच ट्रॅपमध्ये, म्हणजे खालच्या पाणी साठून राहणाऱ्या वाकड्या पाइपात, असतो. पण पाणी दुसऱ्यानं सोडलं आणि वर तुमच्याकडे आलं, तर बिघाड जमिनीखालच्या मुख्य लाइनीत आहे असं समजावं. कामटी त्या लाइनीतल्या चोकअपला भोक पाडते. तो का झाला, हे तिला कळत नाही.

यंदा कॅमेरा आणला. जाडजूड तारेचं भेंडोळं, शेजारी छोटा पडदा. ती तार म्हणजे फायबर ग्लासची लवचिक सळई: ढकलली तर दबत नाही, वळणावर मात्र वाकते. टोकाला अंगठ्यापेक्षा थोडं जाड स्टीलचं डोकं, त्यात भिंग आणि भोवती एलईडीचं कडं. आत एक छोटं वजन असतं. डोकं कितीही गरगरलं तरी ते वजन खाली राहतं, म्हणून चित्र कायम सरळ दिसतं. याचं महत्त्व मला नंतर कळलं. पाइपाचा तळ कुठला आणि माथा कुठला हे ठाऊक असलं, तरच दोषाचा अर्थ लागतो. काँक्रीटचा पाइप माथ्याकडून खाल्ला गेला असेल तर ते काम आम्लाचं: मैल्यातून निघालेला हायड्रोजन सल्फाइड वायू वरच्या ओलसर भागात शिरतो आणि तिथले जीवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. तळाशी झीज असेल तर ती वाळू-खडीची.

आधी जेटिंग करून, म्हणजे जोरदार दाबाचं पाणी मारून, लाइन धुऊन घेतली, कारण गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. मग सळई आत सरकू लागली. आमची लाइन जुन्या चिनी मातीच्या पाइपांची, दोन-तीन फुटांच्या तुकड्यांची. दर तुकड्याला सांधा, सांध्यात सिमेंट. पडद्यावर तपकिरी बोगदा आणि कोपऱ्यात मीटरचा आकडा. 11.40 मीटरवर कॅमेरा चालवणारा मुलगा थांबला. "काका, हे बघा." माथ्याच्या सांध्यातून केसांसारख्या मुळ्यांचा झुपका खाली लोंबत होता आणि त्यात चिंध्या, केस, शेवाळलेला कागद अडकला होता. वर, जमिनीवर, बरोबर त्या बाजूला कुंपणालगतचा पिंपळ.

धडधाकट पाइप झाडाला सापडत नाही. सांधा चिरला की तिथली माती ओलसर होते, आणि मुळाचं टोक ओलाव्याकडे वळतं. कोरड्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात, म्हणून मूळ ओल्या बाजूला झुकतं. आत शिरायला केसाएवढी फट पुरते; पुढे मूळ जाड होतं आणि फट रुंदावतं. आत पाणी, नत्र, स्फुरद सगळं आयतं. कामटीनं किंवा यंत्रानं मुळ्या कापल्या तर त्या पुन्हा फुटतात, बऱ्याचदा अधिक दाट. आमच्या महिना-दीड महिन्याच्या फेऱ्याचं कारण पडद्यावर लोंबत होतं. पिंपळाला मी दोष देणार नाही. आमचा सांधा फुटका होता.

स्वयंपाकघराच्या लाइनीत दृश्य वेगळं होतं: पाइपाच्या कडेला पांढुरकी, साबणासारखी कड. ती बव्हंशी साबणच असते. तेला-तुपातली मेदाम्लं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम यांचा संयोग होऊन न विरघळणारा थर बसतो. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली अशाच थराचा 250 मीटर लांब, सुमारे 130 टनांचा गोळा गटारात सापडला होता. कढईतलं उरलेलं तेल आम्ही आता बाटलीत भरून ठेवतो.

पुढे एका जागी कॅमेरा पाण्याखाली गेला आणि दोनेक मीटरनं वर आला. तिथे लाइन खाली खचली आहे. चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो. खळगा पडला की मैला तिथेच थबकतो.

मला सर्वांत आवडलं ते जागा शोधणं. कॅमेऱ्यामागे एक छोटा प्रेषक असतो, सेकंदाला 512 आवर्तनांचा. वारंवारता इतकी कमी ठेवतात, कारण तेवढं चुंबकीय क्षेत्र बिडाच्या पाइपातूनही बाहेर येतं. मोबाइलच्या लहरी तिथे अडल्या असत्या. वर एक जण शोधक यंत्र घेऊन फिरला, आवाज सगळ्यात मोठा झाला तिथे खडूनं फुली मारली. अख्खं पार्किंग फोडायच्या ऐवजी एकच खड्डा खणला. चित्रीकरणाची प्रत मात्र मागून घ्या, चेंबर ते चेंबर आणि मीटरच्या आकड्यासह.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पूर्वी लाइनीत काय अडकलंय ते बघायला माणूसच चेंबरमध्ये उतरवायचे. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, चेंबरच्या तळाशी साचतो आणि गाळ ढवळला की एकदम सुटतो. दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. सातशे-हजारांवर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही. 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे, आणि ती सोसायटीलाही लागू आहे. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली.

त्या दिवशी कामटीवाले मामाही आले होते. सवयीनं त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती. मुलगा म्हणाला, "मामा, उतरू नका, इथून दिसतंय." मग दोघं चेंबरच्या कडेला उकिडवे बसून पडदा बघत राहिले, आणि मामांनी बोट ठेवून दाखवलं, दर पावसाळ्यात त्यांची कामटी नेमकी कुठे अडायची ते.