पसरणी घाटात गाडीचा दम जातो तेव्हा

वाईकडून पसरणी घाट चढताना अर्ध्या वाटेवर आमची डिझेल गाडी एकाएकी ओढायची थांबली. धक्का नाही, आवाज नाही, धूर नाही. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीने. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. कडेला घेतली, किल्ली बंद केली, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केली, तर पाचगणीपर्यंत एकदम ठणठणीत. पुढे तीन आठवडे काही नाही. गावात नाही, पुण्याला जाताना हायवेवर नाही. मग पुन्हा त्याच घाटात तेच.

हा बिघाड पाळीच्या तापासारखा असतो. रोगी डॉक्टरसमोर बसतो तेव्हा अंग थंडगार असतं. गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी रेस केली की छान गुरगुरते, आणि तपासणारा बिचारा काय तपासणार? पहिल्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी ०२९९. लगेच निदान झालं: "सर, टर्बो गेलाय, बदलून टाकू." टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र. खर्चाचा आकडा पाच अंकी होता. टर्बो खरंच गेला असता तर तो खर्च करायलाच हवा होता. पण गेलेला टर्बो किल्ली बंद करून पाच मिनिटं थांबल्यावर बरा होत नाही, आणि मला थांबवलं ते याच एका गोष्टीने.

पी ०२९९ या कोडचा अर्थ इतकाच: इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाने जेवढा हवेचा दाब मागितला, तेवढा मिळाला नाही. ताप आहे एवढंच थर्मामीटर सांगतो. टायफॉइड की मलेरिया, ते रक्त तपासल्यावर कळतं. दाब कमी पडण्याची कारणं डझनभर असू शकतात आणि टर्बो हे त्यातलं सगळ्यात महागडं. म्हणून त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जायचं.

आधी टर्बो काय करतो ते पाहू. दीड लिटरचं चार स्ट्रोक इंजिन २००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांनी, फिरत असेल तर मिनिटाला १५०० लिटर हवा ओढतं. डिझेल नीट जळायला वजनाने साधारण साडेचौदा पट हवा लागते, तेव्हा जास्त ताकद हवी तर तेवढ्याच जागेत जास्त हवा कोंबली पाहिजे. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने पेटंट घेतलं ते या कल्पनेचं: धुरांड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने हवा आत दाबायची. आजच्या छोट्या गाड्यांमधला हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो.

यात एक अडचण जन्मापासून आहे. धूर कमी असला की चक्र मंद, चक्र मंद असलं की हवा कमी. पुणे-मिरज मार्गावर ज्यांनी रेल्वेची जुनी आल्को बनावटीची, टर्बो असलेली डिझेल इंजिनं पाहिली आहेत त्यांना गाडी स्टेशनातून सुटताना उडणारा काळाकुट्ट लोट आठवत असेल. ड्रायव्हरने डिझेल वाढवलेलं असायचं, टर्बोला वेग यायला वेळ लागायचा, आणि मधल्या काळात हवेवाचून अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडायचं.

यावरचा उपाय म्हणजे हलत्या पात्यांचा टर्बो. टर्बाइनच्या चक्राभोवती छोट्या पात्यांचं कडं असतं. पाती मिटली की वाट अरुंद होते आणि थोडासा धूरही चक्रावर जोरात आदळतो. बागेच्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरल्यावर पाणी लांब उडतं, तसंच. धूर भरपूर झाला की पाती उघडायची. ही पाती हलवतो एक गोल डबा, ॲक्च्युएटर. त्याच्यात रबरी पडदा असतो. डब्यातली हवा ओढून घेतली की पडदा दांडी खेचतो आणि पाती मिटतात. ओढ सुटली की स्प्रिंग पाती उघडून देते. हवा ओढण्याचं काम इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाचं. ब्रेकचा पाय हलका करणाऱ्या बूस्टरलाही तोच पंप ओढ पुरवतो. पंप आणि डबा यांच्यामध्ये बसतो सोलेनॉइड व्हॉल्व्ह, विजेवर उघडझाप करणारी झडप. संगणक त्याला सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालूचा वेळ जास्त ठेवला तर डब्याला जास्त ओढ मिळते. हे प्रमाण टक्क्यांत मोजतात, त्याला ड्युटी म्हणायचं.

म्हणजे हा सगळा दरबार असा चालतो: संगणक मनात एक दाब ठरवतो, सेन्सर खरा दाब सांगतो, दोन्हींत फरक दिसला की संगणक ड्युटी वाढवतो किंवा घटवतो. फरक काही सेकंद भरूनच निघाला नाही तर संगणकाचा विश्वास उडतो. मग तो टर्बो सैल सोडतो, डिझेल तोडतो आणि गाडी कशीबशी घरी पोचेल एवढीच ताकद ठेवतो. हाच लिंप मोड. अनेक गाड्यांत हा निर्णय किल्ली बंद होईपर्यंत कायम राहतो. माझी गाडी पाच मिनिटांत "बरी" होत होती ती यामुळे. बिघाड काही सेकंदांचा असायचा, शिक्षा मात्र किल्ली फिरवेपर्यंत.

आता दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले, आणि मला तिथेच भरवसा वाटला. चढालाच होतं का? किती वेळ चढल्यावर? एसी चालू असतो का? ब्रेक कडक लागतो का कधी? ब्रेक नेहमीसारखा मऊ होता, म्हणजे पंपावरचा संशय निम्मा कमी. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगालाही काही होत नव्हतं, कारण तिथे इंजिनावर पूर्ण भार येत नाही आणि समोरून वारा लागतो. घाटात भार पूर्ण, वेग तीस-चाळीस, वारा नाही. टर्बाइनमध्ये शिरणारा वायू ७००-८०० अंशांपर्यंत जातो आणि बोनेटखाली भट्टी होते. "गाडी इथं बिघडणारच नाही सर," मिस्त्री म्हणाले, "घाटातच न्यायला लागेल."

एका रविवारी पहाटे गाडी घाटाला लावली. मी चालवत होतो, पुतण्या शेजारी मोबाइल धरून. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात ब्लूटूथ स्कॅनर. नोंदायच्या चारच गोष्टी: मागितलेला दाब, मिळालेला दाब, सोलेनॉइडची ड्युटी आणि दर स्ट्रोकला आत येणारी हवा.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण यात पुष्कळजण फसतात. स्कॅनरवरचा दाब हा पोकळीपासून मोजलेला असतो, बाहेरच्या हवेचा दाब त्यात धरलेला. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू केली तर सेन्सरने बाहेरचाच दाब दाखवायला हवा. मुंबईत तो १०१३ मिलिबारच्या आसपास, वाईला ९३०, वर पाचगणीला जेमतेम ८७०. आमच्या सेन्सरने वाईत ९२८ दाखवले. फुकटात झालेली सेन्सरची पहिली परीक्षा. याच कारणाने घाट चढताना टर्बोला तोच दाब गाठायला जास्त राबावं लागतं, आणि पंपालाही कमी ओढ निर्माण करता येते, कारण ओढ बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असूच शकत नाही. आधीच अधू असलेली व्यवस्था नेमकी घाटात उघडी पडते.

पहिली दहा मिनिटं सगळं सुरळीत. मागणी २१००, मिळकत २०८०, ड्युटी साठीच्या आसपास. मग पुतण्याचा आवाज चढला. "काका, सत्तर झाली. शहात्तर. दाब उतरतोय! एकोणीसशे, सतराशे... ड्युटी नव्वद!" आणि गाडी बसली.

घरी येऊन त्या वीस सेकंदांच्या रेषा मी किती वेळ पाहत बसलो असेन. त्यात सगळं लिहिलेलं होतं. दाब २१०० वरून १५०० वर आला तो हळूहळू, घसरत. सेन्सर किंवा त्याची वायर तुटक झाली असती तर रेष एका क्षणात कोसळली असती. खरी हवा तशी कोसळत नाही. दाब उतरत असताना ड्युटी चढत गेली, म्हणजे संगणक जीव तोडून टर्बोला ओढत होता, त्याचं ऐकलं जात नव्हतं. आणि सर्वांत मोलाचा चौथा आकडा. दर स्ट्रोकची हवा ७५० मिलिग्रॅमवरून ५४० च्या आसपास आली, म्हणजे तीस टक्क्यांच्या आत-बाहेर, दाबाएवढीच. इंटरकूलरचा, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा, मोठा होज फाटून हवा निसटत असती तर हवा मोजणाऱ्या सेन्सरपुढून ती भरपूर गेली असती, दाब मात्र पडला असता. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, अडकून उघडा राहिला असता तर ताजी हवा दाबापेक्षाही जास्त घटली असती. दोन्ही एका प्रमाणात उतरले, याचा अर्थ टर्बो हवा दाबतच नव्हता. पाती उघडी पडत होती. एक तर पाती काजळीने जाम, नाही तर त्यांना ओढणारी शक्ती वाटेत हरवत होती.

मिस्त्रींनी सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजला. थंड असताना १५ ओहम, गरम झाल्यावर १९. त्यांच्या पोराला वाटलं, सापडला चोर. पण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. ७० अंशांनी तापलेलं वेटोळं १५ वरून १९ वर येणारच. तरी खात्री म्हणून शेजारचा ईजीआरचा सोलेनॉइड, जो या गाडीत हुबेहूब तसाच आहे, त्याच्या जागी लावून पाहिला. घाटात फॉल्ट पुन्हा आला. सोलेनॉइड सुटला.

पुढच्या फेरीला ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या नळीत टी आकाराचा जोड बसवून एक लांब पाइप बोनेटच्या फटीतून बाहेर काढला आणि ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज काचेसमोर चिकटपट्टीने लावलं. माझ्या लेखी या सगळ्या शोधातला सुंदर क्षण हाच. मोबाइलवर ड्युटी वाढत होती आणि काचेवरचा काटा उतरत होता. ५०० मिलिबारवरून ४००, मग २५०. मागणी वर, पुरवठा खाली. पात्यांवर आता संशय घ्यायचं कारण उरलं नाही, कारण त्यांच्यापर्यंत ओढ पोचतच नव्हती.

गाडी जिथे बसली तिथेच कडेला घेतली, चाकांमागे दगड लावले. मिस्त्रींनी हाताने ओढ निर्माण करणारा, काटा असलेला छोटा हातपंप काढला. हा हातपंप त्यांनी गॅरेजमध्येही लावला होता आणि तेव्हा ५०० मिलिबारची ओढ मिनिटभर ढळली नव्हती. पण ते थंड इंजिनावर. आता सोलेनॉइडच्या टोकाला पंप जोडला, म्हणजे नळी आणि डबा दोन्ही परीक्षेत आले. काटा ५०० वर नेला, हात थांबवला, आणि काटा चार-पाच सेकंदांत शून्याकडे. मग नळी काढून पंप थेट डब्याला लावला. काटा जागचा हलला नाही. डबा शाबूत. उरली नळी.

सुती वेष्टणाची काळी रबरी नळी, दीड हात लांब. टर्बोच्या पत्र्यामागून जाताना तिला धरणारी क्लिप तुटली होती आणि नळी पत्र्यावर टेकली होती. वेष्टण वरून धड. मिस्त्रींनी तो भाग दोन बोटांत धरून हलकेच वाकवला, तेव्हा धाग्यांखाली रबराची बारीक फट ओठासारखी उघडली. थंड असताना कडक रबराचे दोन्ही ओठ मिटून बसत. घाटात पंधरा मिनिटं भाजल्यावर रबर सैल पडे, नळी स्वतःच्या वजनाने लोंबे आणि फट उघडे. थोडी हवा शिरली की संगणक ड्युटी वाढवी आणि ती गळती भरून काढी. म्हणून सुरुवातीची दहा मिनिटं काही कळत नसे. फट मोठी झाली की त्याचे उपाय संपत.

त्याच मापाची नवी नळी आणली, उष्णता सोसणारी, आणि पत्र्यापासून चार बोटं दूर क्लिपने बांधली. तिच्या बहिणी, म्हणजे पंपाकडून येणारी आणि ईजीआरकडे जाणारी नळी, याही त्याच वयाच्या होत्या, त्याही बदलल्या. टर्बो जुनाच आहे.

नंतर मे महिन्यात भर दुपारी, गाडीत पाच माणसं आणि एसी चालू ठेवून, मुद्दाम घाट चढलो. वाईतून निघाल्यापासून पाचगणीच्या पहिल्या दुकानापर्यंत मागणी आणि मिळकत या दोन रेषा एकमेकींना चिकटून होत्या. ड्युटी वर जाता जाता ६६ पर्यंत गेली, तीही हवा विरळ झाल्यामुळे. नळीचा तो तुकडा मिस्त्रींनी मागून घेतला. पोरांना दाखवायला त्यांनी तो हातपंपाच्या डब्यातच ठेवला आहे.