‘हॉबिट’चे तीन भाग : एका नाराजीची पार्श्वभूमी

जे. आर. आर. टोल्किनच्या ‘द हॉबिट’ या पुस्तकावरच्या चित्रपटांचा विषय निघाला की पुण्यातला वाचक आजही पहिल्यांदा लांबीबद्दल बोलतो. मुलांसाठी लिहिलेल्या, तीनशेच्या आसपास पानांच्या पुस्तकाचे २०१२, २०१३ आणि २०१४ अशा लागोपाठच्या तीन डिसेंबरांत तीन चित्रपट झाले आणि त्यांची एकूण लांबी ४७४ मिनिटे, म्हणजे आठ तासांना सहा मिनिटे कमी, एवढी भरली. हजाराहून अधिक पानांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ला, म्हणजे टोल्किनच्याच पुढच्या कादंबरीला, पीटर जॅक्सन या त्याच दिग्दर्शकाने चित्रपटगृहात सव्वानऊ तास दिले होते. हा हिशेब चटकन पटणारा आहे, पण नाराजीचे मूळ त्याच्या पलीकडे आहे.

२००१ ते २००३ या काळात आलेली पहिली चित्रत्रयी पुण्यात मल्टिप्लेक्स नवे असताना पाहिली गेली. इथल्या अनेकांनी आधी पडद्यावरची कथा पाहिली आणि मग डेक्कन किंवा कॅम्पातल्या दुकानांतून ते जाडजूड पुस्तक घरी नेले. (पुढे दोन्ही पुस्तके मराठीतही आली.) त्यामुळे या वाचकाची निष्ठा पुस्तकाइतकीच त्या चित्रपटांवरही होती. त्यांतून टॉम बॉम्बाडिल हे पुस्तकातले पात्र पूर्णपणे गाळले होते आणि शायर, म्हणजे हॉबिट या ठेंगण्या लोकांचा प्रदेश, परत मिळवण्याचा शेवटचा लढाही. तरी कुरकुरीपलीकडे फारसे काही झाले नाही. तिसऱ्या भागाला मिळालेल्या ११ ऑस्करांनी उरलीसुरली तक्रारही मागे पडली.

‘हॉबिट’ची वाट मात्र सुरुवातीपासून अडखळती होती. चित्रपटाचे हक्क वेगवेगळ्या कंपन्यांत विभागलेले होते, त्यांतली एक कर्जबाजारी झाली आणि ठरलेल्या दिग्दर्शकाने दोन वर्षे तयारी करून मे २०१० मध्ये काम सोडले. आधीच्या त्रयीच्या दिग्दर्शकाने सूत्रे हाती घेतली आणि मार्च २०११ मध्ये चित्रीकरण सुरू झाले, तेव्हा योजना दोन चित्रपटांची होती.

वादाचा खरा विषय म्हणजे जुलै २०१२ मधली घोषणा. पहिला भाग पाच महिन्यांवर आलेला आणि मुख्य चित्रीकरण आटोपलेले असताना दोनाचे तीन भाग करण्यात आले. कारण असे दिले गेले की ‘रिंग्ज’च्या परिशिष्टांत ‘हॉबिट’च्या काळाबद्दल बरीच सामग्री आहे आणि ती पडद्यावर आणायची आहे. ते पूर्णतः खोटे नव्हते. ‘हॉबिट’ पुस्तकात गॅन्डाल्फ हा जादूगार मध्येच निघून जातो, तो काळ डोल गुल्दुर या दुष्ट शक्तीच्या किल्ल्यावरच्या मोहिमेत गेला, हे परिशिष्टांवरून कळते. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात याच मोहिमेचा अधिक तपशील आहे, पण निर्मात्यांकडे केवळ या दोन पुस्तकांचे हक्क असल्याने तो वापरता आला नाही. मात्र ज्या परिशिष्टांचा हवाला दिला गेला, त्यांत अझोग हा ओर्क (राक्षसी योद्धा) या कथेच्या जवळपास दीडशे वर्षे आधी मारला गेलेला आहे. चित्रपटात तो तिन्ही भागांत बौन्यांच्या, म्हणजे कथानायकाच्या ठेंगण्या सोबत्यांच्या, मागावर फिरतो. टॉरिएल ही एल्फ योद्धी तर कोणत्याच पानावर नाही. परिशिष्टे हे कारण कमी आणि निमित्त अधिक होते, असे म्हणणाऱ्या चाहत्यांचे चुकत नाही. पहिल्या भागाने जगभरात १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, हेही इथे नोंदवायला हवे.

दिग्दर्शकाची बाजू घेणारेही पुण्यात कमी नाहीत आणि त्यांचा मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. लेखकाने स्वतःच १९३७ च्या पुस्तकाला पुढच्या ग्रंथाशी जुळवून घेतले होते. पहिल्या आवृत्तीत गोलम हा गुहेत राहणारा विचित्र प्राणी कोड्यांच्या पैजेत आपली जादूची अंगठी बक्षीस म्हणून देऊ करतो. १९५१ च्या आवृत्तीत हे पाचवे प्रकरण नव्याने लिहिले गेले आणि आज सगळे वाचतात तो संतापलेला, फसवला गेलेला गोलम त्यात अवतरला. मग चित्रपटाने तेच पुढे नेले तर बिघडले कुठे, असा हा युक्तिवाद. त्याचे उत्तरही लेखकाच्याच चरित्रात सापडते. १९६० मध्ये त्याने सगळे पुस्तक ‘रिंग्ज’च्या गंभीर सुरात पुन्हा लिहायला घेतले, पण वाचून पाहणाऱ्या व्यक्तीने लेखन उत्तम आहे, पण हे ‘हॉबिट’ नव्हे, असा अभिप्राय दिल्यावर काही प्रकरणांनंतर तो प्रयत्न सोडून दिला. चित्रपटाने नेमका हाच सोडलेला प्रयत्न पूर्णत्वास नेला.

कथेच्या शेवटी होणाऱ्या पाच सैन्यांच्या लढाईत हा फरक सर्वांत ठळक दिसतो. पुस्तकात कथेचा नायक असलेल्या बिल्बो या हॉबिटच्या डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो आणि लढाईचा शेवट त्याला, पर्यायाने वाचकालाही, नंतर दुसऱ्याकडून ऐकावा लागतो. या छोट्या माणसाच्या नजरेतून युद्ध तेवढेच दिसते, हीच त्या प्रकरणाची गंमत. पडद्यावर तीच लढाई पाऊण तास चालते आणि बिल्बो कित्येक मिनिटे कुठेच नसतो. आपल्याकडे सक्तीने घातलेले मध्यंतर संपून लोक पॉपकॉर्नसह जागेवर परतले, की पुढचा बहुतेक सगळा वेळ तलवारबाजीचाच.

पुण्याला हा वाद तेव्हा अगदी परका वाटला नाही, याचेही कारण आहे. पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधे, जुलै २०१३ मध्ये, याच शहराच्या कॉलेजजीवनावरच्या ‘दुनियादारी’ या कादंबरीवरचा चित्रपट आला. तो तुफान चालला आणि कादंबरी पाठ असलेले वाचक तरीही हळहळत राहिले. कल्पनारम्य कथेचा इथे संबंध नाही, पण तिकीटबारी आणि वाचक यांचा कौल वेगळा असू शकतो, हे तेव्हा दोनदा दिसले.

शेवटचा भाग आल्यावर महिनाभरात तिन्ही चित्रपट कापून चार तासांच्या आसपास बसवलेल्या, चाहत्यांनी केलेल्या आवृत्त्या फिरू लागल्या. त्यांतून अझोगचा बराचसा पाठलाग आणि टॉरिएलचे प्रेमप्रकरण गेले. गोलमवर नवा चित्रपट करण्याची घोषणा मे २०२४ मध्ये झाली असून, त्याचा आधार ‘रिंग्ज’मधल्या मोजक्या उल्लेखांचा आणि परिशिष्टांतल्या नोंदींचाच आहे.